दिग्दर्शक अत्रे आणि सीमेबाहेरचे आपण

(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आचार्य अत्रे हे नाव घेतले की आपल्यापैकी ज्येष्ठांच्या डोळ्यांसमोर शिवाजी पार्कची सभा उभी राहते. तरुणांना ‘मोरूची मावशी’ किंवा ‘तो मी नव्हेच’ आठवते. ‘गेल्या दहा हजार वर्षांत असे झाले नाही’ ही त्यांची अतिशयोक्ती तर घराघरांत विनोदाने वापरली जाते. पण आज मला वक्ते अत्रे, विनोदी अत्रे किंवा ‘मराठा’कार अत्रे यांच्यावर बोलायचे नाही. पटकथा लिहिणारे आणि चित्रपट दिग्दर्शित करणारे अत्रे हा आजचा विषय आहे. राजकीय प्रश्नांना वाहिलेल्या आपल्या या पत्रकात चित्रपटाचा विषय कशाला, असा प्रश्न काहींना पडेल. माझे म्हणणे असे, की अत्र्यांचे चित्रपट हा त्यांच्या राजकारणाचाच पहिला अध्याय होता आणि महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहिलेल्या आपल्यासारख्यांना तोच अध्याय जास्त कामाचा आहे.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ चा, सासवडच्या परिसरातला. पेशाने ते शिक्षक. पुण्यात शाळा चालवली, इंग्लंडला जाऊन शिक्षणशास्त्राची पदविका घेतली आणि परत आल्यावर मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ काढली. मुलाला आपल्या घरातली, आपल्या अंगणातली भाषा पुस्तकात दिसली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. त्याआधी १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’ आले होते. त्यातल्या विडंबनांनी त्या काळच्या कवींचा भारदस्तपणा उतरवला. १९३३ मध्ये ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आले आणि पाठोपाठ ‘घराबाहेर’, ‘लग्नाची बेडी’, ‘उद्याचा संसार’ ही नाटके आली. वर्गात मूल, नाटकगृहात प्रेक्षक. समोरचा माणूस कंटाळला तर आपले म्हणणे वाया गेले, हे या माणसाला फार लवकर कळले होते.

मग चित्रपट आला. कोल्हापूरला मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर या मंडळींनी हंस पिक्चर्स काढले होते. त्यांच्यासाठी अत्र्यांनी १९३७ मध्ये ‘धर्मवीर’ आणि ‘प्रेमवीर’, १९३८ मध्ये ‘ब्रह्मचारी’ आणि १९३९ मध्ये ‘ब्रँडीची बाटली’ लिहिला. दिग्दर्शन विनायकांचे, लेखणी अत्र्यांची. हे विषय नुसते आठवून पाहा. ‘धर्मवीर’मध्ये दानशूर म्हणून मिरवणाऱ्या पुढाऱ्याचे ढोंग आहे. ‘ब्रह्मचारी’मध्ये भाषण ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेणारा आणि मग ती सांभाळताना घायकुतीला येणारा तरुण आहे. ‘ब्रँडीची बाटली’मध्ये दारूबंदीच्या काळातला गोंधळ आहे आणि त्यात दामूअण्णा मालवणकरांसारखा नट नायक आहे. म्हणजे धर्म, संघटना आणि सरकारी धोरण या तिन्हींची थट्टा तीन वर्षांत करून झाली. प्रेक्षक पोट धरून हसला आणि घरी जाताना विचार करत गेला. यातले ‘ब्रह्मचारी’ आणि ‘ब्रँडीची बाटली’ हिंदीतही निघाले, म्हणजे आपल्या या हिंदी मुलखालाही अत्रे त्या काळातच पडद्यावरून भेटले होते.

दुसऱ्यासाठी लिहिण्यावर त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी स्वतःची चित्रसंस्था काढली आणि १९४१ मध्ये ‘पायाची दासी’ आणला. दिग्दर्शक होते गजानन जागीरदार. सासूच्या छळाची ही गोष्ट. सासू दुर्गाबाई खोटे, सून वनमाला. हिंदीत तोच चित्रपट ‘चरणों की दासी’ या नावाने आला. १९४२ मध्ये ‘वसंतसेना’ आला.

या वनमालाबाईंपाशी आपण थोडे थांबू, कारण त्या आपल्याकडच्या. मूळ नाव सुशीलादेवी पवार. जन्म १९१५ मध्ये उज्जैनचा, वडील ग्वाल्हेर संस्थानच्या सेवेत मोठ्या हुद्द्यावर. पुण्यात अत्र्यांच्या शिक्षणसंस्थेत त्या शिकवत होत्या. १९४१ मध्येच सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर नायिका म्हणून उभ्या राहिल्या आणि देशभर नाव झाले. शेवटी त्या ग्वाल्हेरलाच परतल्या आणि २००७ मध्ये तिथेच वारल्या. १९५३ मध्ये अत्र्यांनी ‘श्यामची आई’ काढायचे ठरवले तेव्हा आईच्या भूमिकेसाठी त्यांना हीच अभिनेत्री हवीशी वाटली. म्हणजे कोकणातल्या पालगडची, साऱ्या महाराष्ट्राने आपली मानलेली ती आई पडद्यावर उभी केली ती माळव्यात जन्मलेल्या मराठी बाईने. सीमेबाहेरच्यांचे मराठी ‘तेवढे खरे नव्हे’ असे पुण्यामुंबईचे पाहुणे अधूनमधून सुचवतात. त्यांना एवढे एकच उदाहरण सांगावे, बाकी काही सांगण्याची गरज नाही.

आता खुद्द ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. बेचाळीस रात्री एक माणूस आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची मांडणी. पटकथा म्हणून हे अवघड प्रकरण आहे, कारण त्यात कथानकाची सलग दोरी नाही, नायिका नाचत-गात नाही, खलनायक म्हणावा तर तो कर्ज आणि सावकारी. अत्र्यांनी लेखन, निर्मिती, दिग्दर्शन असे सगळे स्वतःकडे घेतले. संगीत वसंत देसाई यांचे. श्यामची भूमिका माधव वझे या मुलाने केली. विनोदाचा बादशहा म्हणून ज्याची ओळख, त्याने विनोद बाजूला ठेवून अतिशय साधा चित्रपट काढला. साने गुरुजी १९५० मध्ये गेले होते, ते हा चित्रपट पाहू शकले नाहीत.

भारत सरकारने १९५३ च्या चित्रपटांपासून राष्ट्रीय पुरस्कार द्यायला सुरुवात केली. पहिलेच राष्ट्रपतींचे सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले. त्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ होता, त्याला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले. ‘दो बिघा जमीन’मध्ये कर्जापायी जमीन चालली आहे, ‘श्यामची आई’मध्ये कर्जापायी घराची अब्रू चालली आहे. स्वातंत्र्य मिळून सहा वर्षे झाली असताना देशातले दोन उत्तम चित्रपट सावकारीबद्दल बोलत होते. आपण मात्र ‘श्यामची आई’ला फक्त संस्काराचा चित्रपट करून टाकले. आईने शिकवले, मुलाने ऐकले, एवढाच धडा उरला. ती आई गरिबीत आणि अपमानात मेली, हे आपण हळूच विसरतो. यानंतर मराठी चित्रपटाला सर्वोत्तम चित्रपटाचा हा मान पुन्हा मिळायला २००३ सालच्या पुरस्कारांपर्यंत, ‘श्वास’पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे थांबावे लागले.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. ज्या साने गुरुजींनी ही आई लिहिली, त्यांनीच १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले. आईच्या शिकवणीचा अर्थ गुरुजींनी असा लावला होता. अत्र्यांना तो नेमका समजला होता, असे मी त्यांच्या पुढच्या चित्रपटावरून म्हणतो.

हा पुढचा चित्रपट म्हणजे १९५४ चा ‘महात्मा फुले’. जरा विचार करा. पहिल्या राष्ट्रपती पदकाचा मान ज्याच्या पदरात पडत होता, त्याला दुसरी ‘श्यामची आई’ काढणे किती सोपे होते. प्रेक्षक तयार, पैसा तयार. त्याऐवजी या गृहस्थाने जोतीराव फुले निवडले, ज्यांचे नाव त्या काळी पांढरपेशा घरांत फारसे प्रेमाने घेतले जात नसे. जोतीरावांच्या भूमिकेत बाबूराव पेंढारकर, सावित्रीबाई सुलोचनाबाई. चित्रपटाच्या सुरुवातीला गाडगे महाराजांचे कीर्तन आहे. चित्रपटाचा मुहूर्त डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते झाला. या चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.

इथे पुन्हा आपल्या मध्य प्रदेशाचा धागा येतो. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, महूच्या छावणीतला. वडील सैन्यात, घरची भाषा मराठी. नोकरीच्या निमित्ताने या मुलखात आलेले मराठी कुटुंब, अगदी आपल्या पूर्वजांसारखेच. ‘श्यामची आई’ची आई उज्जैनची आणि ‘महात्मा फुले’चा मुहूर्त करणारे महूचे. अत्र्यांच्या दोन्ही मोठ्या चित्रपटांशी आपल्या भूमीचे नाते आहे. प्रश्न इतकाच, की वनमालाबाईंना ‘आपल्या’ म्हणताना आपल्याला जो आनंद होतो, तितक्याच सहजतेने आपण महूच्या त्या कुटुंबाला ‘आपले मराठी समाजातले’ म्हणतो का? बृहन्महाराष्ट्रातल्या मंडळांच्या वार्षिक कार्यक्रमांत ‘श्यामची आई’ किती वेळा झाला आणि ‘महात्मा फुले’ किती वेळा, याचा हिशेब प्रत्येकाने मनात करावा. उत्तर मला सांगण्याची गरज नाही.

‘महात्मा फुले’नंतर अत्र्यांची दिशा बदलली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी दैनिक ‘मराठा’ सुरू झाले. १९५७ मध्ये अत्रे मुंबई विधानसभेवर निवडून गेले. पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे : शंभरावर हुतात्मे, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र. या लढ्यात अत्र्यांची लेखणी आणि जीभ किती धारदार होती, आणि कधीकधी विरोधकांवर घसरताना ती किती पातळी सोडत असे, हे दोन्ही खरे आहे. पण त्यांची लिहिण्याची पद्धत तीच होती, जी त्यांनी पडद्यावर कमावली होती. एक पात्र उभे करायचे, त्याचे ढोंग उघडे पाडायचे, लोकांना हसवायचे आणि हसता हसता पेटवायचे. ‘धर्मवीर’मधला ढोंगी पुढारी आणि ‘मराठा’च्या अग्रलेखातला मंत्री यांत फार अंतर नव्हते.

तामिळनाडूकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. सी. एन. अण्णादुराई आणि एम. करुणानिधी हे दोघेही पटकथाकार. १९४९ चा ‘वेलैक्कारी’ अण्णादुराईंचा, १९५२ चा ‘पराशक्ती’ करुणानिधींचा. त्यांनी पडद्यावरचा संवाद थेट पक्षाच्या कामाला जुंपला, आणि १९६७ मध्ये अण्णादुराई, तर १९६९ मध्ये करुणानिधी मुख्यमंत्री झाले. अण्णादुराई आणि अत्रे एकाच वर्षी, १९६९ मध्ये गेले. अत्रे मात्र कधी मंत्रीही झाले नाहीत. त्यांनी चित्रपट सोडून वर्तमानपत्र धरले. महाराष्ट्राला राज्य मिळाले, पण मराठी पटकथेतून राजकीय भान घडवण्याची जी वाट त्यांनी पाडली होती, तिच्यावर पुढे बराच काळ फारसे कोणी चालले नाही. ती वाट पुन्हा दिसू लागली ती ‘सामना’, ‘सिंहासन’च्या काळात, आणि अलीकडे ‘कोर्ट’सारख्या चित्रपटात.

आता भोपाळकडे येतो. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख अत्र्यांच्या महाराष्ट्राला जखमेसारखी लागली, कारण त्या दिवशी महाराष्ट्राऐवजी द्विभाषिक मुंबई राज्य आले. त्याच दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे जुन्या मध्य प्रदेशातून निघून त्या द्विभाषिकात गेले. आणि त्याच दिवशी महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ मिळून नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ. नागपूरचे सचिवालय गेले, ग्वाल्हेर-इंदूरच्या कचेऱ्या हलल्या. फायलींच्या पेट्यांबरोबर मराठी कारकून, शिक्षक, अभियंते, न्यायखात्यातली मंडळी इथे आली आणि तात्या टोपे नगरच्या सरकारी क्वार्टरांत राहू लागली. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना आला, त्याने आणखी मराठी कुटुंबे आणली. म्हणजे ज्या रेघेविरुद्ध अत्रे मुंबईत गर्जत होते, त्याच रेघेने आपल्यापैकी अनेकांचे घर भोपाळात मांडले. मुंबईतल्यांना १९६० मध्ये त्यांचे राज्य मिळाले. सौंसर, पांढुर्णा, बऱ्हाणपूर इथले मराठी बोलणारे मात्र रेघेच्या या बाजूला राहिले आणि त्यांच्याबरोबर आपणही.

म्हणून मी म्हणतो, की राज्य मिळवणारे अत्रे महाराष्ट्राचे, पण वाचनमाला आणि ‘श्यामची आई’ देणारे अत्रे आपले. महाराष्ट्रात मराठीचे रक्षण सरकारने करायचे असते. इथे ते शाळेने, पुस्तकाने, नाटकाने आणि चित्रपटाने करायचे आहे. आणि हे करताना कायदा आपल्या बाजूला आहे, याची आठवण आपण ठेवत नाही. राज्यपुनर्रचनेबरोबरच सातव्या घटनादुरुस्तीने घटनेत ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमे आली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने आणि स्थानिक संस्थांनी प्रयत्न करावा, असे पहिले कलम सांगते. दुसऱ्याने त्यावर लक्ष ठेवायला भाषिक अल्पसंख्याकांचा विशेष अधिकारी नेमला. त्याच्याही आधी, १९४९ च्या शिक्षणमंत्री परिषदेत मापदंड ठरला होता : शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. ‘प्रयत्न करावा’ ही भाषा मोघम आहे, मान्य. पण जो मागतच नाही, त्याच्यासाठी प्रयत्न कोण करणार? आपण मागणी केली ती बहुतेक वेळा भवनासाठी जागेची आणि निवडणुकीत तिकिटाची. दहा मुलांची यादी घेऊन शिक्षण विभागाच्या दारात किती वेळा गेलो?

अडचण अशी, की आपल्या ओळखीच्या घरांतून दहा मुले जमत नाहीत. आपली नातवंडे इंग्रजी शाळेत आहेत, काही पुणे-बंगळुरूला, काही परदेशात. पण भोपाळात मराठी बोलणारी घरे आपल्या ओळखीपुरतीच आहेत असे कोणी ठरवले? बांधकामावर, कारखान्यात, दवाखान्यांत काम करणारी विदर्भातली कुटुंबे आहेत. छिंदवाडा, बैतूलकडून आलेली शेतकऱ्यांची मुले आहेत. १४ एप्रिलला महूला जाणारी मराठी घरे आहेत. त्यांची मुले मोजली तर दहा काय, चाळीसही भरतील. त्यासाठी त्यांना गणपतीच्या महाप्रसादाचे निमंत्रण देऊन भागणार नाही. कार्यकारिणीच्या टेबलाशी त्यांच्यासाठी खुर्ची असली पाहिजे. संख्या नसलेल्या समाजाचे कोणतेही सरकार ऐकत नाही, हे राजकारणाचे साधे गणित आहे. आणि अर्धा समाज बाहेर ठेवून संख्या होत नाही.

डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी मुंबईत लाखोंचा जनसमुदाय लोटला होता, तिथे अत्रे बोलले. संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐन भरात होता. त्या लढ्यात गिरणी कामगार, दलित, शेतकरी, पांढरपेशे एकत्र उभे राहिले म्हणून तो जिंकला. अत्र्यांना ही एकजूट एका रात्रीत सुचली नव्हती. ‘श्यामची आई’नंतर लगेच ‘महात्मा फुले’ काढणाऱ्या माणसाला ती आधीच कळलेली होती. एका चित्रपटाने त्यांनी मराठी घर उभे केले, दुसऱ्याने त्या घराची बंद दारे दाखवली.

शेवटी तीन सूचना करतो, कार्यकारिणीने विचार करावा. पहिली, येत्या वर्षी मंडळात ‘श्यामची आई’ आणि ‘महात्मा फुले’ हे दोन्ही चित्रपट लागोपाठच्या दोन रविवारी दाखवावेत, आणि दुसऱ्या रविवारचे निमंत्रण आपण स्वतः घरोघर जाऊन द्यावे. दुसरी, भोपाळातल्या मराठी मातृभाषेच्या प्राथमिक वयाच्या मुलांची वस्तीनिहाय यादी सहा महिन्यांत तयार करावी. तिसरी, त्या यादीसह कलम ३५०-अ चा आधार घेऊन लेखी अर्ज करावा, त्याची प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवावी, आणि उत्तर येवो न येवो, दर तीन महिन्यांनी त्याचा पाठपुरावा या पत्रकात छापावा.

अत्रे १३ जून १९६९ रोजी गेले. महाराष्ट्रात त्यांचे पुतळे आहेत, त्यांच्या नावाची नाट्यगृहे आहेत. भोपाळात आपण त्यांच्यासाठी दहा मुलांचा एक मराठी वर्ग उघडू शकलो, तर या शिक्षकाला ते स्मारक अधिक आवडेल, असे मला वाटते.